त्रेसष्ट नावांची बाई

यंत्राने नाव दाखवले तेव्हा ऋजुताला आधी वाटले, आडनावाचा योगायोग असेल. सातारा जिल्ह्यात शेवाळ्यांना काय तोटा? पण नावाखाली जन्मवर्ष होते, गाव होते आणि मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे होते. ते आकडे तिनेच दुकानात उभे राहून निवडले होते, आईच्या लक्षात राहावेत म्हणून.

मुख्य नाव: शालन विठ्ठल शेवाळे, कराड. त्याच व्यक्तीची इतर नावे: बासष्ट.

ऋजुताने मान वर करून छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि लगेच खाली घातली. कॅमेरा नेहमीचाच होता. आज मात्र तो आपल्याकडेच बघतोय असे तिला वाटले.

पुण्याच्या ‘एकमुख’ कंपनीतली ही तपासणीची खोली. दारात फोन जमा करायचा, आत यायचे, दार बंद. इथल्या संगणकांना इंटरनेट नाही. आत कोण किती वाजता आले, किती वेळ बसले, सगळ्याचे चित्रण होते. इथे जी माहिती उघडते ती माणसाच्या अंगावरच्या कपड्यांपेक्षा जवळची असते, म्हणून एवढा बंदोबस्त.

ती माहिती म्हणजे लयठसा. आपण कीबोर्डवर लिहितो तेव्हा प्रत्येक बटण किती वेळ दाबून ठेवतो आणि एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेतो, हे मिलिसेकंदांत मोजता येते. एखाद्याची करंगळी आळशी असते. एखादा डावा हात घाईने टाकतो. कुणी जोडाक्षराआधी नकळत थबकतो. बाराशे बटणे दाबून झाली की या सवयींचा एक आलेख तयार होतो, आणि तो बोटांच्या ठशाइतकाच ज्याचा त्याचा असतो, असे कंपनी सांगत असे. माणूस नाव बदलेल, फोटो बदलेल, दर महिन्याला पासवर्ड बदलेल. बोटांची खोड कुठून बदलणार?

तीन वर्षांपूर्वी कायदा आला. टोपणनाव घ्या, पण ठसा द्या. मजकूर लिहिला जात असतानाच त्याची लय वेळेसकट साठवणे प्रत्येक संकेतस्थळाला सक्तीचे झाले. लोकांनी त्याचे स्वागतच केले, कारण भामट्यांनी उच्छाद मांडला होता. आईला एकदा ऋजुताच्याच आवाजात फोन आला होता, “आई, मला अडकवलंय गं.” दोन दिवस आई जेवली नव्हती. त्यानंतरच ऋजुताने ही नोकरी धरली. खोटी नावे घेणाऱ्यांना पकडायचे, या ईर्ष्येने.

आणि आता बासष्ट खोटी नावे तिच्या आईची निघाली होती.

तिने यादी उघडली. एका नावाने कराडात साड्या विकल्या जात होत्या. दुसऱ्या नावाने कुणीतरी राजकारणावर इतके जहाल लिहीत होते की वाचूनच कान तापावेत. ‘सायंतारा’ नावाने चार वर्षे प्रेमकविता येत होत्या. बाबा जाऊन सहा वर्षे झाली होती. ऋजुताने ती ओळ दोनदा वाचली आणि पुढे सरकली, पण मनातून ती सरकेना.

सगळ्यात शेवटी होती ‘काठावरची’. तिच्यासाठीच हे प्रकरण आले होते. सह्यकाठ दूध संघ अंगणवाड्यांना दूध पावडर पुरवतो. ‘काठावरची’ने लिहिले होते की संघाच्या प्रयोगशाळेत टँकर दारात येण्याआधीच तपासणीचे निकाल तयार असतात. तारखा आणि वेळा देऊन लिहिले होते. संघाने बदनामीची तक्रार केली, न्यायाधिकरणाने नाव शोधायला सांगितले आणि फाइल ऋजुताच्या टेबलावर आली.

जेवणाच्या सुट्टीत नेने सर तिच्यासमोर ताट घेऊन बसले. ते तिच्या विभागाचे प्रमुख.

“दूध संघाचं कुठवर आलं?”

“जुळणी आलीय सर. तपासायचीय.”

“तपासायचं काय त्यात? निनावी माणसाला नाव मिळालं की आपण हात धुवायचे. सोमवारी सही करून दे.” आणि मग तिच्या ताटाकडे बघत, “जेवत का नाहीयेस?”

“भूक नाही.”

नियम साधा होता. फाइलमध्ये नातेवाईक निघाला तर त्याच दिवशी अर्ज भरून फाइल दुसऱ्याकडे द्यायची. दुसरा तपासनीस डोळे झाकून सही करणार, हे तिला माहीत होते. तिने अर्ज भरला नाही. शनिवारी सकाळी कराडची गाडी पकडली.

* * *

“आलीस होय? कळवायचं नाही का गं, भाकरी टाकल्या असत्या,” शालनताई दारातच म्हणाल्या. वय बासष्ट, पाठ ताठ, चष्मा दोरीने गळ्यात.

घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतले हे घर. पुढच्या खोलीत तीस वर्षे ‘शालन टंकलेखन वर्ग’ चालला. आधी खडखडणारी यंत्रे होती, मग सरकारने परीक्षा संगणकावर नेली तेव्हा कीबोर्ड आले. बाहेरची पाटी आता अंगणात कुंड्यांखाली होती, पण शनिवारी दुपारी जुन्या विद्यार्थिनी अजून जमत. कुणी सराव करी, कुणी अर्ज लिहून घेई, बाकीच्या गप्पा मारत.

आई भाजी आणायला बाहेर पडली. ऋजुताने पाच मिनिटे थांबून आईचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड तिनेच लावून दिला होता: घरातल्या मांजराचे नाव आणि आईचे जन्मवर्ष.

पासवर्ड चुकीचा आहे.

तिने पुन्हा टाकला. पुन्हा तेच. ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी स्क्रीन आडवी झाली की फोन करावा लागे, तिने पासवर्ड बदलला होता. कुणापासून लपवायला? घरात तर ती एकटीच राहत होती.

“उघडला का?”

आई दारात उभी होती, पिशवीतून मेथी डोकावत होती.

“मी... अपडेट आहे का बघत होते.”

“हं.” आईने पिशवी ठेवली, चप्पल काढली, पाय धुऊन आली. मग मेथी निवडायला बसली आणि मान खाली घालूनच बोलली, “कपाटाची किल्ली तुझ्याकडं. फोनचा आकडा तुझ्याकडं. दवाखान्याची फाइल तुझ्याकडं. एक गोष्ट माझी माझ्याकडं राहू दे की.”

“आई, तू नेटवर काही लिहितेस का?”

“लिहायला शिकवलं आयुष्यभर. लिहिलं तर बिघडलं काय?”

“दुसऱ्या नावानं?”

आईचे हात थांबले, क्षणभरच. “तुला कुणी सांगितलं?” असे तिने विचारले आणि ऋजुताचा उरलासुरला आधार सुटला. ज्याने काही केलेले नसते तो “काय?” म्हणतो. “कुणी सांगितलं?” कोण म्हणतो, हे तिने नोकरीत शंभरदा पाहिले होते.

तिने पुढे विचारले नाही. आईनेही मेथीची जुडी संपेपर्यंत डोळे वर केले नाहीत. दोघी समोरासमोर जेवल्या. मीठ कमी होते, तेही कुणी बोलले नाही.

* * *

दुपारी ऋजुता स्वयंपाकघरात चहा टाकत होती. पुढच्या खोलीतून बटणांचा आवाज येऊ लागला.

त्या आवाजावर ती लहानाची मोठी झाली होती. टक टक टक टक, ना घाई ना थांबा, शब्द संपला की किंचित जड पडणारा अंगठा. आईच. ऋजुताने गॅस बारीक केला आणि अनवाणी, भिंतीला धरून पुढे गेली. आज स्क्रीनवर काय आहे ते बघायचेच. आपल्याच आईच्या मागे चोरपावलांनी जाताना तिला स्वतःची लाज वाटली, तरी पाऊल थांबले नाही.

“कुणाला धरायला निघालीस?”

आवाज मागून आला. आई मागच्या दारातून आत येत होती, हातात परसातली कोथिंबीर.

पुढच्या खोलीत टक टक चालूच होते.

ऋजुताने पडदा सारला. तबस्सुम मुल्ला टाइप करत होती. चाळिशीची, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवणारी, पंधरा वर्षांपूर्वी या वर्गात आईच्या हाताखाली शिकलेली. शेजारच्या कीबोर्डवर साड्यांचा धंदा करणारी वनिता, आणि तिच्या पलीकडे साठी ओलांडलेल्या लता पिसाळ. आता तिघी एकदम टाइप करू लागल्या आणि खोलीत एकच माणूस टाइप करत असल्यासारखा आवाज झाला.

टेबलाच्या कडेला ती लाकडी पट्टी अजून होती. हातांवर टॉवेल टाकायचा, म्हणजे बटणे दिसत नाहीत. मग आई पट्टी आपटायची. पट्टीच्या पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही. हळू बोटाला ओढून आणायचे, आगाऊ बोटाला दाबून ठेवायचे. सहा महिन्यांत मुलीची खोड जाई आणि पट्टी तिच्या बोटांत उतरे.

ऋजुता खुर्चीत बसली. तिला सगळे एकदम दिसले आणि शास्त्र शिकलेल्या माणसाप्रमाणे तिने पहिल्यांदा त्यावर संशय घेतला.

“एक काम कराल? तिघी एकच उतारा टाइप करा. बाराशे बटणं. काय लिहिता ते नको मला, फक्त वेळ मोजते.”

तिच्या लॅपटॉपवर मोजणीची चाचणी आवृत्ती होती. तिघींनी उतारा लिहिला. यंत्राने विचार केला आणि उत्तर दिले: तिन्ही नमुने एकाच व्यक्तीचे, खात्री सत्त्याण्णव टक्के.

“म्हंजे?” वनिताने विचारले.

“म्हणजे यंत्र शिकलं ते आपल्याआपण टाइप करायला शिकलेल्या लोकांवर. त्यांची प्रत्येकाची बोटं वेगळी वागतात. तुमची खोड आईनं काढून टाकली. ज्याच्या जोरावर यंत्र माणूस ओळखतं, तेच तुमच्याकडं उरलं नाही.” तिला यादी आठवली. “कंपनीच्या लेखी तुम्ही सगळ्या मिळून एकच बाई आहात. त्रेसष्ट नावांची.”

खोलीत हसू फुटले. वनिता मात्र हसली नाही.

“म्हणून होय!” ती म्हणाली. “शाळेत क्लार्कची जागा होती, मुलाखतीला गेले. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही नेटवर पुढाऱ्यांना इतक्या घाण शिव्या का घालता? मी म्हटलं, मी साड्या विकते हो! त्यांनी ‘एकमुख’चा कागद दाखवला. नोकरी हातची गेली. घरच्यांना वाटलं मीच लपूनछपून लिहिते. नवरा आठ दिवस माझा फोन तपासत होता.”

“ते जरा...” लताबाईंनी चष्मा पुसायला घेतला, “ते बहुतेक माझं असेल.”

“लताकाकू!”

“अगं, रिटायर झाल्यावर करायचं काय माणसानं? पण तुझ्या नोकरीचं ठाऊक नव्हतं गं मला. आईशप्पथ.”

“आणि प्रेमकविता कुणाच्या?” ऋजुताने विचारले.

आई चहा गाळायला आत गेली.

चहा आल्यावर ऋजुताने दूध संघाचे सांगितले. ‘काठावरची’ कोण हे विचारायला तिने तोंड उघडले, आणि तबस्सुमच्या हातातला कप बशीवर वाजला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. नुसते एवढेच झाले. किंवा एवढेही झाले नसेल, ऋजुता आता प्रत्येक हाताकडे तशीच बघत होती.

“विचारू नकोस,” आई दारातून म्हणाली. “विचारलंस तर तुला कळंल. कळलं तर तुला लिहावं लागंल.”

“लिहावं तर लागणारच आहे. यंत्र चुकलं असं लिहिलं तर ते विचारणार का चुकलं. मग वर्गाचं सांगावं लागेल, सगळ्या जणींची नावं जातील. त्यांतल्या दूध संघात किती जणी? पाच मिनिटांत सापडेल.”

“तर मग माझं नाव लिही. यंत्रानं माझंच दिलंय ना? मला काय करणार ते? पट्टी जप्त करणार?”

“बाई, असं नका हो बोलू,” तबस्सुम म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “मुलं पितात ती पावडर. कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं.”

“लिहिलं ना कुणीतरी,” आई म्हणाली. “झालं तर.”

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ऋजुता एकटीच कीबोर्डसमोर बसली. आठ वर्षांची असताना याच खोलीत, पायाखाली पाट घेऊन ती बसायची. आई पट्टी आपटायची. तिने तोच उतारा टाइप केला आणि आकडा बघितला.

अठ्ठ्याण्णव.

* * *

कंपनीच्या नियमावलीत चाळिसाव्या पानावर लिहिले होते की शंका असल्यास तपासनीसाने तुलनेसाठी एखादा त्रयस्थ नमुना यंत्राला द्यावा. आजवर कुणी दिला नव्हता, कारण शंका कुणाला आली नव्हती. कर्मचाऱ्यांचे ठसे साठ्यातून वगळलेले असत. म्हणून ऋजुताचे नाव त्या यादीत कधी उमटले नव्हते.

सोमवारी सकाळी, कॅमेऱ्याखाली, तिने स्वतःचा नमुना दिला. मग अहवाल लिहिला. अहवाल तीन वाक्यांचा होता. ‘काठावरची’चा लयठसा प्रस्तुत तपासनीस ऋजुता विठ्ठल शेवाळे हिच्याशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळतो. ते मजकूर ज्या अकरा वेळी टाइप झाले, त्यांपैकी नऊ वेळा प्रस्तुत तपासनीस कंपनीच्या बंद खोलीत, नेटशिवाय, कॅमेऱ्यासमोर होती. सबब या ठशावरून कोणाचीही ओळख पटली असे म्हणता येत नाही.

नात्याचा अर्जही तिने भरला, उशिराची तारीख तशीच ठेवून. एकही शब्द खोटा नव्हता. जे सांगितले नव्हते ते कुणी विचारलेले नव्हते.

नेने सरांनी कागद दोनदा वाचला.

“अगं, तू यंत्राच्या मुळावरच घाव घातलास. कळतंय का तुला? उद्या प्रत्येक वकील हेच मागणार.”

“मागू दे ना सर. बरोबर असेल तर टिकेल.”

“हे तुला सुचलं कसं?” त्यांनी चष्म्यावरून रोखून पाहिले. “आईला वाचवतेयस, की आणखी कुणाला?”

“पान चाळीस, सर.”

ते तिच्याकडे बघतच राहिले. ती नजर तिच्या ओळखीची होती. शनिवारी मेथी निवडणाऱ्या आईकडे तिने तसेच पाहिले होते. हातांकडे, पापण्यांकडे, शब्दांमधल्या थांब्यांकडे. ज्याच्यावर ती नजर पडते त्याला कसे वाटते, ते तिला आज कळले. खरे बोलतानासुद्धा आपला आवाज खोटा वाटू लागतो.

तिला घरी बसायला सांगितले गेले. पुढच्या महिन्यात न्यायाधिकरणाने दूध संघाची मागणी परत पाठवली, लयठशावरून घेतलेले सगळे निर्णय पुन्हा तपासायला सांगितले आणि पावडरचे नमुने दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत गेले. वनिताला शाळेतून पुन्हा बोलावणे आले. कंपनीने ऋजुताला मात्र बोलावले नाही.

* * *

ती कराडला आली तेव्हा टळटळीत दुपार होती. घर उघडेच होते. पुढच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि आतून बटणांचा आवाज येत होता. टक टक टक टक. ना घाई ना थांबा.

आई असेल. तबस्सुम असेल. त्रेसष्टांपैकी कुणीही असेल. सायंतारा असेल, की काठावरची, की नुसताच एखादा रेशनचा अर्ज? दार ढकलले की कळणार होते. ते तिच्याच घराचे दार होते, आणि या घरात दार वाजवून आत जायची रीत कधी नव्हती. आईच्या खोलीत जाताना कुणी विचारते का?

ऋजुताने बॅग खाली ठेवली. हात उचलला आणि दारावर दोनदा बोट वाजवले.

आतला आवाज थांबला.

“कोण?”

“मी आहे. येऊ का?”

आत खुर्ची थोडी सरकली.

“थांब जरा,” आई म्हणाली. “एवढं संपवते.”

“सावकाश,” ऋजुता म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर, दाराकडे पाठ करून बसली.

आत टक टक पुन्हा सुरू झाले.